शाईचं पेन घेताय? जुनी निब की नवी, मराठी लिहिणाऱ्या हातासाठी

पहिलं चांगलं शाईचं पेन घ्यायचं ठरलं की मन दोन बाजूंना ओढलं जातं. एकीकडे पन्नास-सत्तर वर्षांपूर्वीची पेनं: पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर, नाहीतर एखाद्या संग्राहकाकडे मिळणारी. दुसरीकडे डबीतून निघणारी नवी जपानी, जर्मन आणि आपल्याकडची भारतीय पेनं. घेणारा बहुतेक वेळा रंग, क्लिप आणि नाव बघून भुलतो. माझं म्हणणं असं की आधी निब बघा, आणि ती बघताना आपण मराठी लिहिणार आहोत हे धरून चाला. निबांवरचं बहुतेक लिखाण रोमन लिपी लिहिणाऱ्यांनी केलेलं आहे. त्यांना जो गुण वाटतो तो आपल्याला अडचणीचा ठरू शकतो.

रोमन अक्षरं जोडून लिहिताना पेन शब्दभर कागदावरून उचलावं लागत नाही. आपण सतत उचलतो: काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि शेवटी शिरोरेखा. निब टेकली की त्या क्षणी शाई यायला हवी. काही नव्या निब कारखान्यात इतक्या घासलेल्या असतात की टोकाशी निबच्या मधल्या चिरेच्या दोन्ही कडा आत वळून गोल होतात, आणि शाई कागदापर्यंत पोचत नाही. इंग्रजी लिहिणाऱ्याला हा दोष शब्दाच्या सुरुवातीला एकदा जाणवेल. ‘विद्यार्थ्यांनी’ लिहिताना तो एकाच शब्दात तीन-चार वेळा छळतो.

दुसरी गोष्ट शिरोरेखेची. शब्द पूर्ण झाला की उभ्या रेघांच्या अजून ओल्या असलेल्या माथ्यांवरून आपण आडवी रेघ ओढतो. निब फार शाई सोडणारी असेल तर प्रत्येक सांध्यावर शाई साचते, आणि साध्या वहीच्या कागदावर तिथेच फुटते. पावसाळ्यात दमट झालेल्या कागदावर तर हमखास. तिसरं म्हणजे अक्षरांची दाटी. जाड रेघेनं ‘ष’चं पोट भरून जातं, ‘घ’ आणि ‘ध’ ओळखू येत नाहीत, ‘द्ध’चा गोळा होतो. म्हणून टेकताच सुरू होणारी, बारीक आणि बेतानं शाई सोडणारी निब आपल्याला हवी. खालची सगळी तुलना याच कसोटीवर केली आहे.

तुलनेआधी सोन्याचा गैरसमज दूर केलेला बरा. ‘सोन्याची निब म्हणजे मऊ निब’ असं सर्रास ऐकायला मिळतं. जुन्या काळी निब सोन्याच्या करत, कारण तेव्हाच्या लोहयुक्त आम्लधर्मी शाया पोलादाला खात. आजच्या स्टेनलेस स्टीलला रोजच्या शाईची तेवढी भीती नाही. शिवाय कागदाला टेकतं ते टोक सोन्याचं नसतंच. तिथे प्लॅटिनम गटातल्या धातूंच्या कठीण मिश्रधातूचा बारीक मणी जोडलेला असतो. निब वाकते किती, हे तिची जाडी, लांबी आणि खांद्यांचा आकार ठरवतो. पार्कर ५१ ची निब १४ कॅरेट सोन्याची आहे आणि तसूभरही वाकत नाही. सेलर या जपानी कंपनीची २१ कॅरेटची निबही बऱ्यापैकी ताठच असते. उलट एस्टरब्रुक या अमेरिकी कंपनीची ९१२८ क्रमांकाची निब साध्या पोलादाची असून लवचीक आहे. तेव्हा निबवरचा ‘५८५’ किंवा ‘७५०’ हा शिक्का बघून लिहिण्याच्या अनुभवाबद्दल काही ठरवू नका. त्यातून सोन्याचं प्रमाण कळतं, बाकी काही नाही.

आता जुन्यांतलं पहिलं, पार्कर ५१. १९४१ साली अमेरिकेत बाजारात आलेलं हे पेन १९७२ पर्यंत बनत राहिलं. इंग्लंडच्या न्यूहेवन इथल्या कारखान्यात बनलेलीही आपल्याकडे सापडतात. शाळेत हिरो ६१६ वापरलेल्यांना त्याचं रूप ओळखीचं वाटेल, कारण हिरोनं ती झाकलेली निब इथूनच उचलली. आतली निब छोट्या नळीसारखी असते, वरून आवरण असतं आणि पुढे नखाच्या टोकाएवढा भागच दिसतो. त्या आवरणाखाली बारीक पापुद्र्यांचा शाई धरून ठेवणारा भाग असतो. त्यामुळे ओघ एकसारखा राहतो आणि वाक्याच्या मध्ये विचार करत थांबलात तरी टोक लवकर वाळत नाही. टेकताच सुरू होण्याच्या बाबतीत मला याच्या तोडीचं दुसरं जुनं पेन माहीत नाही. सतत उचल-टेक करणाऱ्या आपल्या लिपीला ते फार मानवतं.

अडचणी दोन. निब झाकलेली असल्यानं पेन हातात किंचित फिरलं तरी डोळ्यांना कळत नाही. मात्र कागदावर लगेच खरखर जाणवते. पेन धरण्याचा कोन पक्का नसेल त्याला सुरुवातीला त्रास होतो. आणि निब बदलणं घरचं काम नाही. आवरण गरम करून सोडवावं लागतं, ते दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावं. घेताना फाइन निब मागा. मीडियम निब मराठीला जाडच पडते.

५१ मध्येही दोन प्रकार आहेत. सुरुवातीच्या व्हॅक्युमॅटिकमध्ये शाई ओढायला रबरी पडदा असतो. तो काळानं सडतो आणि बदलावा लागतो. १९४८ पासून आलेल्या एरोमेट्रिकमध्ये पारदर्शक प्लास्टिकची पिशवी आहे. धातूची पट्टी चार-पाचदा दाबली की ती भरते. या पिशव्या आजही चालू स्थितीत सापडतात, हे त्या पेनाचं मोठंच यश म्हणायला हवं. पहिलंच जुनं पेन घेत असाल तर एरोमेट्रिकच घ्या.

दुसरं एस्टरब्रुकचं ‘जे’ (J) नावाचं मॉडेल. अमेरिकेतल्या कॅम्डेनच्या या कंपनीनं निब आणि जीभ (निबखालची, शाई टोकापर्यंत आणणारी पट्टी) एकत्र असलेला भाग आट्यांवर बसवला. हातानं फिरवून निब काढायची, दुसरी लावायची, एवढं सोपं. प्रत्येक निबवर चार आकडी क्रमांक असतो. पहिला आकडा १ किंवा २ असेल तर टोक पोलादच दुमडून केलेलं असतं आणि ते वापरानं झिजतं. ९ असेल तर वेगळा कठीण मणी बसवलेला असतो. रोजच्या मराठीला ९५५६ ही बारीक, ताठ निब छान चालते. निबांची तुलना करण्याचाच नाद ज्याला आहे, त्याच्यासाठी याहून चांगली शाळा नाही. एकाच पेनात, एकाच शाईनं निब बदलत गेलात की फरक निबचा आहे की पेनाचा, हा प्रश्नच उरत नाही. आतली रबरी पिशवी मात्र बदललेली आहे ना, हे विकणाऱ्याला आधी विचारा.

नव्यांमध्ये मराठीसाठी माझा कल उघडच पायलटकडे आहे. जपानी निब युरोपीय निबपेक्षा साधारण एक पायरी बारीक असते, कारण जपानी लिपीतल्या कांजी चिन्हांची दाटी आपल्या जोडाक्षरांहूनही जास्त. पायलटची फाइन निब वहीच्या साध्या कागदावरही ‘राष्ट्राध्यक्ष’ स्वच्छ उमटवते. पायलट मेट्रोपॉलिटन किंवा काकुनो घेतलंत तर स्टीलची निब मिळते. दोन्हींची निब एकमेकांत बसते, आणि पूर्वी आपल्याकडे लोकप्रिय असलेल्या ७८जी मध्येही तीच बसते. वर गेलात की कस्टम ७४ येतं. त्यात १४ कॅरेटची निब आणि भरपूर शाई मावणारा दट्ट्याचा कन्व्हर्टर (शाई ओढून भरायची, काढता येणारी नळी) आहे. (कंपनीची स्थापना १९१८ ची आणि पेन तिच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, १९९२ ला आलं, म्हणून ७४.) याची निब दाबानं फुलत नाही, पण किंचित दबते. दिवसभर लिहिणाऱ्याच्या बोटांना हा फरक संध्याकाळी कळतो. किंमत दहा हजारांच्या पुढे जाते. त्याच पैशांत दुरुस्त केलेलं बऱ्या स्थितीतलं ५१ येऊ शकतं, म्हणून खरी झुंज या दोघांतच आहे.

लामी सफारी हे जर्मन पेन १९८० पासूनचं. पकड तिकोनी आहे, ती हाताला जमली तर जमली, नाहीतर कधीच जमत नाही. विकत घेण्याआधी दुकानात धरून बघाच. निब जिभेवर नुसती सरकवून बसवलेली असते. वरून सेलोटेपचा तुकडा घट्ट चिकटवून सरळ पुढे ओढला की ती सुटून येते, आणि नवी निब अंगठ्यानं दाबून बसते. सफारीची फाइन निब मराठीला जाडसर होते. एक्स्ट्रा फाइनच घ्यावी.

भारतीय पेनांचा विचार वेगळा करायला हवा. मुंबईच्या एअरमेल कंपनीची पेनं १९५१ पासून बनतात आणि अजूनही काही शे रुपयांत मिळतात. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी स्वदेशीच्या प्रेरणेनं पेन बनवलं आणि ते मिळाल्यावर गांधीजींनी १९३५ साली वर्ध्याहून त्यांना आभाराचं पत्र लिहिलं. तमिळनाडूतल्या तिरुवल्लूरचे रंगा हातानं एबोनाइटची (कडक केलेल्या रबराची) पेनं कातून देतात आणि सांगाल तर त्यात जर्मन निब बसवतात. एबोनाइटची जीभ शाई फार चांगली धरते, म्हणून ओघ कधी तुटत नाही. पण यांतली बरीचशी ड्रॉपरनं थेट नळीत शाई भरायची. शाई तळाला गेली की नळीत हवा वाढते, हाताच्या उबेनं ती फुगते आणि शाईचा थेंब कागदावर टाकते. आपल्या उन्हाळ्यात हे जास्त होतं. शाई एक तृतीयांशावर आली की भरून घ्या आणि आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या भारतीय निबांचा दर्जा एकाच खोक्यात वेगवेगळा निघतो, तेव्हा दुकानात चार पेनं लिहून बघून त्यातलं एक निवडावं.

लवचीक निबचा मोह अनेकांना जुन्या पेनांकडे खेचतो. १९२० च्या दशकातलं वॉटरमन ५२ हे त्यातलं मानाचं नाव. खाली येताना दाबलं की काना जाड, शिरोरेखा केसासारखी, हे शीर्षकात किंवा पाकिटावरच्या पत्त्यात खरोखर सुंदर दिसतं. पण कार्यालयातली टिपणं किंवा रोजनिशी अशा निबनं लिहिता येत नाही. शाई पानामागे उतरते, वेग निम्म्यावर येतो. हे पेन तिसरं किंवा चौथं म्हणून घ्या, पहिलं म्हणून नको.

मग घ्यायचं कोणतं? रोज तास-दोन तास लिहायचं असेल आणि शाईच्या पेनाची सवय नसेल तर पायलट मेट्रोपॉलिटन फाइन. चांगली निब कशी चालते हे हाताला कळल्याशिवाय जुन्या बाजारात पाऊल ठेवू नये. हात बसलेला असेल, पेन धरण्याचा कोन ठरलेला असेल, तर कस्टम ७४ पेक्षा मी पार्कर ५१ एरोमेट्रिककडे झुकेन. टेकताच सुरू होण्यात ते पुढे आहे. पण दुरुस्ती करणारा ओळखीचा नसेल तर ७४ घ्या, त्यात कमीपणा नाही. निब गोळा करून ताडून बघण्याची हौस असेल तर सरळ एस्टरब्रुक.

जुनं घेताना दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात ठेवा, सोनार वापरतात तसलं. टोकाच्या दोन्ही पाकळ्या, म्हणजे चिरेच्या दोन बाजू, एका पातळीत हव्यात. एक वर, एक खाली असेल तर खरखरणार. मण्याला एका बाजूनं सपाट घासलेली जागा दिसली तर ते आधीच्या मालकाच्या हाताचं वळण आहे. तुमचा कोन वेगळा असेल तर ती कड कागदाला टोचत राहील. मणीच उडाला असेल तर निब गेली असं समजा, मग वरचं सोनं कितीही चमको. स्वतःची शाई आणि रोजच्या वहीचा कागद बरोबर न्या, निब नुसती बुडवा आणि ‘ज्येष्ठ’, ‘शुद्ध’, ‘संघर्ष’ असे शब्द शिरोरेखेसकट लिहा. विकणारा बुडवून लिहू देत नसेल तर ते पेन तिथेच ठेवा.