पिक लाइन की केमो पोर्ट: ठरवण्यापूर्वी

केमोथेरपीचा आराखडा ठरला की डॉक्टर जाता जाता विचारावा तसा एक प्रश्न विचारतात: पिक लाइन (दंडाच्या शिरेतून आत जाणारी, बाहेरचे टोक दंडावर राहणारी नळी) घालायची की पोर्ट (छातीवर त्वचेखाली बसवायची, सुई टोचून वापरायची लहान डबी) बसवायचा? औषध कोणते द्यायचे हे आपल्याला कोणी विचारत नाही आणि ते योग्यच आहे. मात्र ते औषध शरीरात कोणत्या वाटेने जाणार, हा निर्णय बऱ्याच ठिकाणी रुग्णावर आणि घरच्यांवर सोपवला जातो, आणि विचाराला फार तर एक-दोन दिवस मिळतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर मी दोन्ही साधने वापरली आहेत. शस्त्रक्रियागाराची तारीख लवकर मिळत नव्हती, म्हणून सुरुवातीच्या सायकली, म्हणजे औषधाच्या फेऱ्या, पिक लाइनवर झाल्या; ती व्यवस्थित चालत असताना काढून पोर्ट बसवायचा की नाही, हे मात्र माझे मला ठरवायचे होते. ही दोन साधने दिसतात कशी आणि बसवतात कशी, हे वाचकाला डॉक्टरांनी सांगितले असेल असे गृहीत धरून ते येथे सविस्तर सांगत नाही.

त्याआधी डॉक्टरांना एक गोष्ट जरूर विचारावी, ती म्हणजे या दोहोंपैकी काही लागणार आहे का. आतड्याच्या कर्करोगात फ्लुरोयुरॅसिल हे औषध 46 तास पंपाने सोडायचे असेल, तर मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी टाळता येत नाही. परंतु त्याच कुळातले कॅपेसिटाबिन गोळ्यांच्या रूपात मिळते आणि त्याच्या जोडीचे ऑक्झॅलिप्लॅटिन तीन आठवड्यांतून एकदाच शिरेतून द्यावे लागते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयडिया या संशोधनात सहा चाचण्यांतील 12,834 रुग्णांची माहिती एकत्र केली होती. तिसऱ्या टप्प्यातील, पण कमी जोखमीच्या रुग्णांना गोळ्यांच्या या पद्धतीत सहाऐवजी तीन महिने पुरतात, असे त्यातून दिसले. आपण या गटात बसत असाल आणि हाताच्या शिरा चांगल्या असतील, तर पुढचा प्रश्न कदाचित पडणारही नाही. माझ्या बाबतीत पंप ठरलेला होता.

आता मुख्य तुलना. या विषयावर बोट ठेवून दाखवावे असे संशोधन म्हणजे 2021 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेली कावा चाचणी. ब्रिटनमधील कर्करोग विभागांत 1061 रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने पिक लाइन, पोर्ट किंवा छातीतून बाहेर येणारी हिकमन नळी देण्यात आली. जंतुसंसर्ग, गुठळी, नळी बंद पडणे किंवा निकामी होणे अशा अडचणी पिक लाइनवाल्यांपैकी 47 टक्के जणांना आल्या, तर त्यांच्याशी तुलना केलेल्या पोर्टवाल्यांपैकी 32 टक्के जणांना. पोर्ट शरीरात कितीतरी जास्त काळ राहत असूनही हे घडले, ही बाब मला अधिक बोलकी वाटते. गाठीच्या (म्हणजे रक्ताच्या नव्हे अशा) कर्करोगासाठी उपचार घेणाऱ्या बहुतेकांना पोर्ट द्यावा, असा निष्कर्ष त्या संशोधकांनी काढला. अर्थात तो ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेपुरता होता, आणि तिथे पिक लाइनचे ड्रेसिंग करणारी प्रशिक्षित परिचारिका मिळवण्यासाठी रुग्णाला वणवण करावी लागत नाही. आपल्याकडे पुण्यात किंवा मुंबईत राहणाऱ्यांना घरी येणारी सिस्टर पैसे मोजून मिळते. कोकणात साखरप्याच्या आसपास राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ती मिळणे कठीण असते, आणि माझा काटा तिथेच झुकला.

पिक लाइनचे ड्रेसिंग आठवड्यातून एकदा बदलावे लागते आणि त्याच वेळी सलाइनने नळी फ्लश करावी, म्हणजे आतून धुवावी, लागते. ऐकताना यात काही विशेष वाटत नाही. परंतु पंपाच्या उपचारात सायकल दर चौदा दिवसांनी येते. पहिल्या दिवशी औषध सुरू होते, तिसऱ्या दिवशी पंप निघतो आणि त्याच वेळी ड्रेसिंगही होऊन जाते. म्हणजे पुढचे ड्रेसिंग दहाव्या दिवशी, आणि तो दिवस दुसऱ्या आठवड्यात येतो. ज्यांनी ही औषधे घेतली आहेत त्यांना या दुसऱ्या आठवड्याचे मोल सांगायला नको. पहिला आठवडा मळमळीत, थकव्यात आणि गार वस्तूला हात लागताच बोटांना येणाऱ्या मुंग्यांत जातो. दुसऱ्या आठवड्यात तोंडाला चव येते, आमटी-भात जेवावासा वाटतो, चार माणसांत बसता येते. नेमका त्याच आठवड्यातला एक अख्खा दिवस आंबा घाट चढून कोल्हापूरच्या रुग्णालयात जाण्यात आणि परत येण्यात खर्ची पडत असे. पावसाळ्यात तर घाटात धुके किती आहे याची चौकशी आदल्या रात्रीपासूनच सुरू व्हायची. काम दहा-पंधरा मिनिटांचे आणि त्यासाठी दिवस संपूर्ण!

जवळपास कोठे हे करून मिळेल का, हेही पाहिले. एका दवाखान्यात डॉक्टरांनी नळीकडे पाहून, "आमच्याकडे हे कोणी हाताळलेले नाही, उगाच जोखीम नको," असे स्पष्ट सांगितले. त्यांना दोष देत नाही, कारण ते ड्रेसिंग खरोखर कोणीही करावे असे नसते. पारदर्शक पट्टी वर ओढून काढायची नसते, त्वचेला समांतर ताणत सोडवायची असते. एरवी आतली नळी थोडीशी का होईना, बाहेर सरकते. म्हणून दर वेळी बाहेर दिसणाऱ्या नळीची लांबी मोजून नोंदवहीतल्या आकड्याशी ताडून पाहतात, क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाने जागा पुसून ती पूर्ण वाळू देतात आणि नव्या पट्टीवर पेनाने तारीख घालतात. आमच्या सिस्टर जागा वाळेपर्यंत बोलतसुद्धा नसत. हे कौशल्य आठवड्याला एकदा, न चुकता, घराजवळ मिळणार असेल, तर पिक लाइनवरचा माझा निम्म्याहून अधिक आक्षेप गळून पडतो, हे मान्य करायला हवे.

पोर्टला हा मधला दिवस लागत नाही. सुई काढली की वर फक्त त्वचा उरते. ड्रेसिंग नाही आणि दर चौदा दिवसांनी वापर होत असल्याने फ्लशही सायकलीबरोबरच होऊन जाते. आंघोळीचा प्रश्नही तिथेच मिटतो. पिक लाइनच्या काळात दंडाला प्लास्टिक गुंडाळून, हात बाजूला धरून एका हाताने तांब्या घ्यावा लागे, आणि कोकणच्या दमट हवेत पट्टीखाली खाज सुटे ती वेगळीच. शिवाय त्या हाताने जड उचलायचे नाही, त्या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही. बागेत नुसते फिरायला गेले तरी हात आपोआप कोयतीकडे जातो, अशा माणसाला हे पाळणे सोपे नसते.

पोर्टचे दोषही लपवून चालणार नाहीत. तो बसवायला आणि काढायला अशा दोन लहान शस्त्रक्रिया होतात, बसवण्याआधी रक्तातील प्लेटलेट पुरेशा असाव्या लागतात आणि पहिले काही दिवस छातीचा तो भाग ठणकतो. गाडीचा पट्टा बरोबर त्या उंचवट्यावरून जातो, म्हणून मी मध्ये नॅपकिनची घडी ठेवू लागलो. दर वेळी सुई टोचली जाते, हा पिक लाइनच्या तुलनेत स्पष्ट तोटा आहे. सिस्टर तीन बोटांत पोर्ट घट्ट धरतात, "काका, मोठा श्वास घ्या" म्हणतात, आणि सुई आतल्या तळाला टेकल्याचे आपल्यालाही कळते. पाठोपाठ सलाइन आत गेले की तोंडात क्षणभर विचित्र चव येते. ती पिक लाइनवरही येत असे, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. कधीकधी औषध आत जाते पण रक्त परत येत नाही. मग हात वर करा, खोकून दाखवा, कुशीवर वळा, असे प्रकार चालतात. आणि पोर्टमध्ये जंतुसंसर्ग झालाच, तर अनेकदा तो काढावा लागतो. फ्लश केल्यानंतर थंडी वाजून ताप आला, मग साधन कोणतेही असो, सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

एका बाबतीत विशेष सावध राहावे लागते. पोर्टच्या सिलिकॉनच्या पडद्याला ह्यूबर नावाची खास सुईच चालते. साध्या सुईने त्या पडद्याचा तुकडा निघतो आणि पुढे तिथून गळती होऊ शकते. ही सुई लहान गावात सहसा मिळत नाही, म्हणून पोर्टचे कार्ड खिशात ठेवावे आणि तातडीच्या प्रसंगी कोणी पोर्टमधूनच सलाइन लावू म्हणाले, तर सुई कोणती आहे ते विचारावे. तिसऱ्या दिवशी पंप काढण्याच्या बाबतीतही पिक लाइन सोयीची, कारण तिथे जोडणी सोडवून फ्लश करायचे असते, सुई काढण्याचा भाग नसतो. मी तोपर्यंत कोल्हापुरात मावसबहिणीकडेच थांबत असल्यामुळे हा फरक मला जाणवला नाही. ज्यांना पंप लावून त्याच दिवशी घरी परतायचे आहे, त्यांना तो जाणवेल.

घरच्यांची एक भीती मात्र मला पटली नाही. पोर्ट "हृदयाजवळ" असतो म्हणून तो जास्त धोक्याचा, असे आमच्याकडे बरेच दिवस चालले होते. वास्तविक दोन्ही नळ्यांची टोके जवळपास एकाच जागी, हृदयाच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या शिरेत पोहोचतात. पिक लाइन दंडातून लांबचा रस्ता धरते, एवढेच. 1929 मध्ये वेर्नर फोर्समन या तरुण जर्मन डॉक्टरने स्वतःच्या हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि तशा अवस्थेत तो क्ष-किरण काढून घ्यायला जिने उतरून गेला. त्याच कामासाठी 1956 मध्ये त्याला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ही गोष्ट सांगितल्यावर आमच्या घरातला विरोध मावळला, किंवा निदान त्याचा सूर बदलला.

पैशांचे म्हणाल, तर पहिल्या दिवशी पोर्टचे बिल निश्चितच मोठे येते आणि काढतानाचा खर्च पुढे उभा असतोच. पिक लाइन स्वस्त दिसते, पण दर आठवड्याचे ड्रेसिंगचे साहित्य, गाडीभाडे आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज धरला, तर चार-सहा महिन्यांत हे अंतर बरेच कमी होत असावे. मी काटेकोर हिशेब ठेवलेला नाही, त्यामुळे हे मत म्हणूनच घ्यावे.

उपचार थोड्या आठवड्यांचा असेल, प्लेटलेट खूप खाली असल्याने शस्त्रक्रिया नको असेल किंवा दुसऱ्या शस्त्रक्रियेची मनाची तयारीच नसेल, तर पिक लाइन घ्यायला माझी हरकत नाही. याउलट मूत्रपिंडाचा जुना आजार असेल, तर दंडातल्या शिरा पुढे डायलिसिससाठी राखून ठेवाव्या लागतात, म्हणून पिक लाइनला होकार देण्यापूर्वी हे डॉक्टरांच्या कानावर अवश्य घालावे. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूचा हात शक्यतो वापरत नाहीत. आणि सहा महिन्यांचा पंपाचा उपचार, घरापासून रुग्णालय दूर, मध्ये घाट, असे ज्यांचे असेल, त्यांनी शस्त्रक्रियेच्या तारखेसाठी थोडे थांबावे लागले तरी पोर्टचाच विचार आधी करावा, असे मला वाटते.

उपचार संपल्यावर पिक लाइन काही मिनिटांत ओढून काढतात, तर पोर्ट लगेच काढायचा की पुढच्या तपासण्यांपर्यंत ठेवायचा, याबाबत प्रत्येक डॉक्टरचे मत वेगळे असते. माझा अजून आहे. वापरात नसलेला पोर्ट महिन्यातून एकदा फ्लश करण्याची रीत आहे. काही ठिकाणी आता हे अंतर तीन महिन्यांपर्यंत वाढवतात. आपल्या रुग्णालयात काय पाळतात, हे बसवण्याच्या दिवशीच विचारून ठेवावे, कारण घाट तेव्हाही चढावा लागणारच आहे.