व्ही-क्रॉसचं सस्पेन्शन बदलून नऊ महिने: काटोलची पांदण आणि संत्र्याचे क्रेट

गाडी इसुझू व्ही-क्रॉस पिकअप, २०१९ ची. राहायला नागपुरात आणि शेत काटोलच्या पुढे. डांबरी रस्ता सुटला की चार किलोमीटर पांदण, मधे एक नाला. गेल्या जूनमध्ये, मृग लागायच्या आत, चारही शॉकअप, पुढच्या कॉइल स्प्रिंग आणि मागचे पाटे (पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग) बदलून ओल्ड मॅन एमू या ऑस्ट्रेलियन ब्रँडचा संच बसवला. तेव्हापासून गाडी साधारण चौदा हजार किलोमीटर चालली.

मूळचं सस्पेन्शन वाईट होतं असं नाही. पण पिकअपचे मागचे पाटे माल वाहण्यासाठी बनवलेले असतात. हौदा रिकामा असला की ते दबतच नाहीत आणि पांदणीवर मागची बाजू उड्या मारते. त्यात आमच्या मे महिन्याचं ऊन. शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी रोखायचं. ती रोखताना आतलं तेल तापतं, त्याला फेस आला की पकड जाते. शेताजवळ पोहोचेपर्यंत गाडी होडीसारखी डोलायला लागायची. नव्या शॉकअपमध्ये नायट्रोजनचा दाब असल्यामुळे तेलाला सहजी फेस येत नाही. पैसे वसूल झाले ते इथेच. पांदणीच्या शेवटी गाडी तशीच चालते जशी सुरुवातीला.

उंची वाढली चाळीस मिलिमीटर. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून मी चारही कोपरे आधी आणि नंतर मोजले होते, तुम्हीही मोजून ठेवा. लोक सगळ्यात आधी उंचीच विचारतात, पण व्ही-क्रॉसला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे पुढचं प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मवर धरलेलं. उंची फार वाढवली तर चाकाला ताकद पोहोचवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टचा कोन वाढतो आणि त्याच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटवर ताण येतो. माझ्या मते चाळीस-पन्नासच्या पुढे जाऊच नये. खरा फरक चाक किती खाली लोंबतं त्यात आहे. नाल्यातून तिरपं चढताना पूर्वी मागचं उजवं चाक अधांतरी फिरायचं. आता ते जमीन सोडत नाही आणि फोर-हाय मध्येच (चारही चाकांना ताकद, पण संथ गिअर न लावता) गाडी वर येते.

चूक माझीही झाली. दुकानदाराने विचारलं, हौद्यात कायम किती वजन असतं? मी छातीठोकपणे तीनशे किलो सांगितलं. प्रत्यक्षात वर्षातले दोन-अडीच महिने संत्र्याचे दहा-बारा क्रेट, एरवी फवारणीचा पंप आणि दोन पोती. पाटे भारी निघाले, रिकामी गाडी आधीपेक्षा कडक झाली. ऑगस्टमध्ये कमी भाराचे पाटे टाकले, तेव्हा कुठे मनासारखं झालं. कायमचं वजन म्हणजे रोजचं वजन, वर्षातलं सगळ्यात जास्त नव्हे.

बसवताना दुसरी गोष्ट बिघडली. दोन महिन्यांतच पुढून कुरकुर यायला लागली आणि खालच्या आर्मच्या सांध्यातले रबरी बुश चिरले. दुसऱ्या मिस्त्रीने खाली झोपून टॉर्च मारला आणि म्हणाला, "भाऊ, हे नट गाडी जॅकवर असतानाच कसले वाटते." झालं होतं तेच. चाक लोंबत असताना बुश कसला की गाडी खाली आल्यावर रबराला कायमचा पीळ बसतो. त्याने नवे बुश टाकले, गाडी चाकांवर उभी केली, आणि मगच नट पक्के केले. तुमच्याकडे काम चाललं असेल तर समोर उभे राहा. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्या आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा कसून घ्या. चाकांची अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत त्याच दिवशी तपासून घ्या. विमा कंपनीला लेखी कळवा, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत फेरफार करण्यावर बंधनं आहेत.

चिखलाचं मात्र वेगळं आहे. पावसाळ्यात काळी माती टायरच्या खाचांमध्ये भरली की टायर गुळगुळीत होतो, तिथे कोणतंही सस्पेन्शन मदत करत नाही. पैसे मोजकेच असतील आणि वाट काळ्या मातीची असेल, तर आधी टायर घ्या. हायवेवर वळणात गाडी किंचित जास्त कलते, आठवड्याभरात सवय होते. मायलेजमध्ये मला फरक जाणवला नाही.

आणि संत्री. पूर्वी नागपूरच्या कळमना बाजारात पोहोचेपर्यंत तळच्या क्रेटमधली फळं दबायची, दर खेपेला पाच-सहा किलो बाजूला काढावी लागायची. यंदा आंबिया बहाराच्या (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या संत्र्याच्या) नऊ खेपा केल्या. शेवटच्या खेपेला तळचा क्रेट मी स्वतः उपसून पाहिला. दोन फळं दबलेली निघाली.