ट्रॅकसाठी जुनी जर्मन सेडान: ई-३०, ई-३६ की १९०ई?

निकाल आधीच सांगून टाकतो. गाडी खरोखर ट्रॅकवर पळवायची असेल, तर बीएमडब्ल्यू ई-३६, त्यातही ३२८आय घ्या. (ई-३० आणि ई-३६ ही बीएमडब्ल्यूच्या ३ सिरीजच्या लागोपाठच्या दोन पिढ्यांची नावं.) ई-३० तिच्याहून देखणी आहे, मर्सिडीज १९०ई २.३-१६ तिच्याहून मानाची आहे, आणि नेमकी हीच त्या दोघींची अडचण आहे. गाडीला ओरखडा जाईल म्हणून उशिरा ब्रेक मारायला कचरणारा माणूस ट्रॅकवर काही शिकत नाही.

हा सगळा हिशेब जर्मनीत किंवा आसपास राहणाऱ्यांसाठी आहे. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांच्या आतली लागते, तेव्हा पुण्यात बसून ई-३० मागवायचा बेत सोडून द्या.

१९०ईपासून सुरुवात करू, कारण तिचा प्रश्न लवकर मिटतो. इंजिन २.३ लिटरचं, चार सिलिंडरचं, सोळा व्हॉल्व्हचं. सिलिंडर हेड इंग्लंडच्या कॉसवर्थने केलेलं, ताकद १८५ अश्वशक्ती. १२ मे १९८४ रोजी जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंगच्या नव्या ग्रां प्री ट्रॅकच्या उद्घाटनाला याच गाड्यांची शर्यत लावली होती. जगज्जेते चालक रांगेत उभे असताना तरुण आयर्टन सेन्ना जिंकला आणि निकी लाउडा दुसरा आला. गाडीचं नाव झालं ते असं. मागच्या चाकांचं पाच दांड्यांचं सस्पेन्शन त्या काळाच्या पुढचं होतं. वेगात वळताना गाडी शांत राहते. गिअरबॉक्स उलटा: पहिला गिअर डावीकडे खाली, त्यामुळे दुसरा आणि तिसरा एका सरळ रेषेत येतात. ट्रॅकवर याच दोघांत सारखी ये-जा असते, म्हणून ही सोय मोठी. सिग्नलला मात्र सवय होईपर्यंत फजिती ठरलेली.

मग ती का नको? एक म्हणजे स्टिअरिंग. बीएमडब्ल्यूत रॅक-पिनियन आहे, म्हणजे दातेरी पट्टीवर फिरणारं चक्र; इथे रिसर्क्युलेटिंग बॉल, म्हणजे गोळ्यांवर चालणारी जुनी पद्धत. रस्ता हाताला कळतो, पण जरा गादीतून कळल्यासारखा. दुसरं, १६-व्हॉल्व्हचे खास सुटे भाग साध्या १९०ईच्या भावात मिळत नाहीत. आणि ही गाडी आता संग्राहकांची झाली आहे. तिचे सीट काढून सुरक्षेचा लोखंडी पिंजरा बसवणं म्हणजे स्वतःच्या हाताने किंमत उतरवणं. मूळ अवस्थेत ठेवा, वर्षातून दोनदा ट्रॅकवर न्या, मजा घ्या. मॉडिफिकेशनसाठी ती नव्हे.

ई-३० ३२५आयची गोष्ट वेगळी. अडीच लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, १७० अश्वशक्ती आणि वजन १,२०० किलोंच्या घरात. हलकेपणाला तोड नाही. टायर आणि ब्रेक जास्त टिकतात, खिशालाही बरं. पण मागचं सस्पेन्शन सेमी-ट्रेलिंग आर्मचं, म्हणजे प्रत्येक चाक एका तिरक्या जोडलेल्या आर्मवर. ते नीट समजून घ्या, कारण या गाडीचा सगळा स्वभाव तिथे आहे. वळणाच्या मध्यावर घाबरून पाय उचलला की वजन पुढे जातं आणि गाडीची मागची बाजू वर उठते. ती उठली की मागची चाकं किंचित बाहेर तोंड करतात आणि त्यांचा आतला कलही कमी होतो. म्हणजे पकड सगळ्यात जास्त हवी तेव्हाच ती जाते. कोरड्या ट्रॅकवर त्यात गंमत आहे. ओल्या नॉर्डश्लाइफवर (न्युरबुर्गरिंगचा जुना, लांब ट्रॅक), तिथल्या वेर्झाइफेनच्या उतारावर, समोर लोखंडी कठडा दिसत असताना अजिबात नाही.

ई-३० सुधारता येते, आणि लोक हौसेने सुधारतात. ई-३६चा स्टिअरिंग रॅक बसवला की सुस्त स्टिअरिंग तरतरीत होतं. ई-३६चं सहा सिलिंडरचं एम-५० किंवा एम-५२ इंजिनही बसतं, पण त्यासाठी ऑइल संप (इंजिनखालचं तेलाचं भांडं), माउंट, वायरिंग सगळं बदलावं लागतं आणि ब्रेक बूस्टरला जागा करावी लागते. एवढं केल्यावर हातात काय येतं? बऱ्याच अंशी ई-३६, जास्त पैशांत. मूळ इंजिन ठेवलंत तर टायमिंग बेल्ट आधी बदला, मग ट्रॅकचं नाव काढा. तो तुटला की व्हॉल्व्ह वाकतात.

ई-३६ ३२८आय १९९५ मध्ये आली: २.८ लिटरचं एम-५२ इंजिन, १९३ अश्वशक्ती, २८० न्यूटन मीटर टॉर्क. वजन ई-३०पेक्षा दीडेकशे किलो जास्त. मागचं सस्पेन्शन आधी झेड-१ या रोडस्टरमध्ये आलेल्या मल्टिलिंक (अनेक दांड्यांच्या) पद्धतीचं. पाय उचलला तरी गाडी रागावत नाही, नुसती नाक आत घेते. नवशिक्याला हेच हवं. बेल्टही नाही, चेन आहे.

दोष आहेत, पण ओळखीचे. कूलिंगमध्ये प्लास्टिक फार: रेडिएटरची मान, थर्मोस्टॅटचं घर, काही पंपांची पातीसुद्धा. हे सगळं एका दमात बदला. एक एक फुटायची वाट पाहिलीत तर शेवटी सिलिंडर हेड वाकतं. ऑइल पंपाच्या स्प्रॉकेटचा (चेनच्या दातेरी चक्राचा) नट सतत वरच्या आरपीएमवर सैल होऊ शकतो. संप उतरवून तो पक्का करून घ्या, त्यात कंजुषी नको. युरोपातल्या सुरुवातीच्या एम-५२ ब्लॉकच्या सिलिंडरना निकासिल या निकेलयुक्त लेपाचा थर असायचा आणि गंधक जास्त असलेल्या पेट्रोलने तो झिजायचा, म्हणून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता सुधारणा. पहिला खर्च ब्रेक पॅड, ताजं ब्रेक ऑइल आणि चांगले टायर. मग मागच्या ट्रेलिंग आर्मचे बुश (सांध्यातले रबर), मग शॉकअब्सॉर्बर. ताकद सगळ्यात शेवटी. तेव्हाही जुन्या एम-५०चा रुंद इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा नळ्यांचा भाग) लावणं ही स्वस्तातली युक्ती आहे: खालचा टॉर्क थोडा जातो, वरच्या आरपीएमला इंजिन मोकळं होतं. थेट एम-३, म्हणजे ई-३६चंच ताकदवान रूप, का नको? २८६ अश्वशक्तीचा मोह मलाही होतो, पण मग आपण पुन्हा संग्राहकांच्या बाजारात.

कागदांचं मात्र विसरू नका. बदललेल्या भागाचं प्रमाणपत्र नसेल तर टीयूव्हीत (जर्मनीतल्या वाहन-तपासणी संस्थेत) वेगळी, महाग तपासणी करून घ्यावी लागते. २०.८ किलोमीटरच्या नॉर्डश्लाइफवर पर्यटकांसाठीच्या फेऱ्यांना रस्त्यावर चालणारी, पास झालेली गाडीच लागते. तिथे वाहतुकीचे नियमही लागू असतात. विम्याची अटही वाचा, बऱ्याच पॉलिसी तिथे हात वर करतात. कठडा वाकवलात तर त्याचं बिल तुमच्या नावावर येतं.

गाडी बघायला जाल तेव्हा रंगाकडे नंतर बघा. आधी डिकीतलं कार्पेट उचला, शॉकअब्सॉर्बरच्या माउंटभोवती पत्रा फाटलाय का पाहा. मग गाडी लिफ्टवर घेऊन ट्रेलिंग आर्म जिथे बॉडीला जोडला जातो तिथे आणि जॅक लावायच्या जागी बोटाने दाबून बघा. पत्रा चुरचुरला तर भाव करत बसू नका, दुसरी बघा.