आफ्टरशॉक (२०१०) : एका स्लॅबखाली दोन पोरं आणि आईला विचारतायत कुणाला काढू

भूकंपाचा पिक्चर म्हणून लावला होता, म्हटलं बिल्डिंगी पडतील, हिरो कुणालातरी वाचवेल, संपलं. पण फेंग शियाओगांगचा हा पिक्चर भूकंपाचं सगळं सुरुवातीलाच उरकतो आणि मग पुढची ३२ वर्षं दाखवतो. २८ जुलै १९७६ ला पहाटे पावणेचारच्या सुमारास चीनमधलं तांगशान शहर अख्खं झोपेत असताना बसलं, सरकारी आकडाच २ लाख ४२ हजारांच्या वर मृतांचा आहे. आपल्या किल्लारीलाही १९९३ ला वेळ जवळपास हीच, माणसं झोपेतच गेली, फक्त तिकडे काँक्रीटचे स्लॅब आणि इकडे दगडमातीच्या भिंती.

तर जुळी भावंडं, एक मुलगा एक मुलगी, एकाच स्लॅबच्या दोन टोकांना अडकलीत, एक बाजू उचलली की दुसरी दाबली जाणार. लोकं घाई करतायत, बाई लवकर सांगा, बाकीकडेपण माणसं अडकलीत. आई आधी दोघांनाही काढा म्हणून हातापाया पडते आणि शेवटी कसंबसं तोंडातून निघतं, भावाला वाचवा. आणि खाली दगड आपटत पडलेली पोरगी हे सगळं ऐकतेय!! मुलगा आधी हे आपल्याकडच्या कुठल्या मुलीला नवीन आहे, म्हणूनच जास्त लागतं. पोरगी वाचते, पण आईकडे परत जात नाही.

शू फान या बाईने आईचं काम असलं केलंय की बोलायची सोय नाही. आई मेलेल्या (तिला तसंच वाटतं) मुलीसाठी दरवर्षी शाळेची पुस्तकं घेत राहते, पुढच्या इयत्तेची, तो सीन बघून मी पॉज करून बसले.

मधला कॉलेजचा आणि कॅनडाचा भाग घाईघाईत गुंडाळलाय, तिथे मुलीचा राग नीट उलगडायला हवा होता. २००८ च्या सिचुआन भूकंपात दोघं भावंडं मदतीला जातात आणि तिथेच भेटतात हा योगायोग कुणाला फिल्मी वाटेल, मला चालला, कारण त्याआधी तिथली एक आई स्वतःच्या मुलीचा पाय कापायला सांगते आणि आपली पोरगी समोर उभी राहून बघते, तिला तिथे पहिल्यांदा कळतं की तिच्या आईवर काय आलं असेल.

सव्वादोन तासांचा आहे, सबटायटल लावून बघा, लहान मुलांना घेऊन नको, आईबरोबर बघता आला तर नक्की बघा. माझ्याकडून ५ पैकी ४.