अॅट्राझीन ५० टक्के तणनाशक पावडर: नऊ महिन्यांनंतर (आणि ते पाकीट!)

आधी पाकिटाचंच बोलतो. अर्धा किलोचं, एकदा फाडलं की बंद करायची सोयच नाही. आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या दमट हवेत उघडी पावडर पावसाळ्यापर्यंत दगड होणार, म्हणून नोव्हेंबरात १० गुंठे स्वीटकॉर्नला अख्खं पाकीट मारून मोकळा झालो. लागतं १०० ते २०० ग्रॅम. पैसे मोजलेत तर फुकट का घालवा.

मक्याला काही झालं नाही, तो हे औषध अंगातच पचवतो. घोळ, रानमाठ साफ, लव्हाळा मात्र ढिम्म. तेव्हा विचारलं असतं तर पाच स्टार दिले असते.

फेब्रुवारीत कणसं काढली, आईने तिथेच अळसांदे (चवळी) नि तांबडी भाजी (लाल माठ) पेरली. उगवण एक नंबर. दोन-तीन पानं झाली आणि खालच्या पानांच्या कडा पिवळ्या, मग भाजल्यासारख्या. आई म्हणाली, "तू पंप लावत नाहीस, पाणी कमी पडलं." मलाही पटलं, आठवडाभर पंप चालवला, तर बांधाकडे जिथे पाणी साचतं तिथेच सगळ्यात जास्त पिवळं! हे औषध मातीला घट्ट चिकटून राहत नाही, पाण्याबरोबर उतरतं. आणि बांधाखाली आमची विहीर. युरोपने २००४ साली हे भूजलात सापडतं म्हणूनच बंद केलं, हे मला आत्ता कळतंय.

दुकानात भांडायला गेलो. "पात्रांव, लेबल वाचलं नाय?" अहो, मुंगीएवढी अक्षरं, तीही पाकीट फाडतो तिथेच!

अपडेट: दुकानदाराला घातलेल्या शिव्यांपैकी अर्ध्या मागे. घरी बसून हिशोब केला. मातीतलं औषध अर्धं मोडून संपायला दोनेक महिने धरले तर ५०० चे २५०, चार महिन्यांनी १२५. म्हणजे आईचे अळसांदे पूर्ण डोसवर पेरले गेले होते. रानमाठ मारणाऱ्या औषधाला तांबडी भाजी वेगळी कशी कळणार, दोघी एकाच घरातल्या.

अजून एक. एका कोपऱ्यात मी हौसेने चुना टाकला होता, तिथे मे महिन्यातसुद्धा काही टिकेना. आपल्या लाल आंबट मातीत हे लवकर मोडतं, चुन्याने आंबटपणा गेला की जास्त दिवस राहतं. कोरड्या मातीत तर आणखीच, कारण मोडणारे जंतू ओल असेल तरच कामाला लागतात. चुन्याचे पैसे वेगळेच.

आता पेरायच्या आधी दोन करवंट्या भरतो, एकीत शेतातली माती, दुसरीत कुळागरातली (नारळ-सुपारीच्या बागेतली, जिथे हे औषध मारलेलं नाही), दोन्हीत काकडीचं बी. नुसतं उगवलं म्हणून खूश व्हायचं नाही, उगवतं सगळंच, पानं फुटल्यावर बघायचं. जूनच्या आधी शेतातली करवंटी दोनदा पिवळी पडली. एवढ्या पावसानंतर तिसऱ्यांदा लावलीय, आज चौथं पान हिरवं आहे.

दोन स्टार. तिसरा पाकिटामुळे गेला.