झुकझुकगाडीसाठी पुणे गाठावं की मिरज?

भाचा साडेतीन वर्षांचा, उठता-बसता 'कूऽऽ' चालू. बहिणीचा फोन: "ताई, वाढदिवसाला पुण्याला छोट्या रेल्वेचं संग्रहालय दाखवू, की सांगली-मिरज खरी गाडी?" मी दोन्ही केलंय.

कोथरूडचं जोशींचं संग्रहालय सुंदरच. इवल्या गाड्या, सिग्नल, बोगदे, सगळं एका नजरेत. पण हात लावायचा नाही. माझा लेक या वयाचा असताना पहिली दहा मिनिटं गप्प बघत राहिला, मग "मला चालवायची" म्हणून भोकाड! शिवाय सांगलीहून पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. जाऊन-येऊन दिवस जातो, पोर दमतं, खर्च वेगळाच.

सांगली-मिरज म्हणजे बसेपर्यंत उतरायची वेळ. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. खरी मजा मिरजेच्या फलाटावर: पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर, चारी दिशांच्या गाड्या. (पंढरपूरची पूर्वी अडीच फूट अंतराच्या अरुंद रुळांवर धावायची, आजोबा सोबत असतील तर तेवढ्यावर तासभर बोलतील.) घोषणा, चहावाले, मालगाडीचे डबे मोजणं. मात्र इंजिनाचा भोंगा जवळून वाजला की लहान मुलं दचकतात, आणि हात क्षणभरही सोडायचा नाही. जिन्यांवर कडेवर घ्यावं लागतं, तेही लक्षात ठेवा.

साडेतीन वर्षांच्याला मिरजच. सात-आठ वर्षांचं, 'सिग्नल कसा पडतो' विचारणारं पोर असेल, किंवा पुण्यात मुक्कामाला हक्काचं घर असेल, तर संग्रहालय. आवाजाला फार घाबरणाऱ्यालाही तेच बरं.