विरुद्धार्थी शब्द की म्हणी? इंग्रजी शब्दसंग्रहासाठी आधी काय घ्यावे

इंग्रजी शब्द वाढवायचे ठरवले की पुस्तकांच्या दुकानात दोन प्रकारच्या पुस्तिका हमखास पुढे येतात. एकीत ‘हॉट–कोल्ड’, ‘रिच–पुअर’ अशा विरुद्धार्थी जोड्या असतात, तर दुसरीत प्रसिद्ध इंग्रजी म्हणी आणि त्यांच्या जवळच्या मराठी म्हणी. रोज अर्धा तासच हाताशी असेल तर आधी कोणती घ्यावी हे नीट ठरवायला हवे, कारण दोन्हींतून मिळणारी गोष्ट वेगळी आहे. जोड्यांमधून सुटे शब्द मिळतात. म्हणींमधून ते शब्द वाक्यात कसे बसतात ते कळते. सुटे शब्दच कमी असतील तर म्हणी पाठ करून फार काही हाती लागत नाही, आणि शब्द पुरेसे असूनही वाक्य अडत असेल तर आणखी जोड्या पाठ केल्याने ते सुटत नाही.

आपण कुठे आहोत हे तपासायला साधी चाचणी पुरते. इंग्रजी वर्तमानपत्रातल्या सोप्या बातमीचे सलग १०० शब्द मोजा. विशेषनामे सोडून दहापेक्षा जास्त शब्द अडले, तर आधी जोड्या. चार-पाचच अडले, पण तीच बातमी दुसऱ्याला इंग्रजीत सांगताना वाक्य जुळत नसेल, तर म्हणींकडे वळा. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या यादीत रोजच्या वापरातले सुमारे २००० मूळ शब्द आहेत आणि साध्या मजकुराचा साधारण ८० टक्के भाग त्यांनीच भरतो. हे वेस्ट ब्रिटिश काळात ढाक्यात शिक्षणखात्यात होते आणि बंगाली मुलांना इंग्रजी वाचन कसे जमेल यावर त्यांनी बरेच काम केले. त्या दोन हजारांत विरुद्धार्थी जोड्या भरपूर आहेत. म्हणींत येणारे ‘ब्रॉथ’ (रस्सा), ‘मॉस’ (शेवाळ) यांसारखे शब्द मात्र नवशिक्याच्या रोजच्या कामाचे नाहीत.

जोड्यांची ताकद आणि त्यांचा मोठा धोका

जोडीचा फायदा असा की एका शब्दाची हद्द दुसऱ्याने कळते. ‘ओल्ड’चा अर्थ ‘जुना’ एवढाच लिहून ठेवला तर काम अर्धे राहते. वस्तू असेल तर त्याच्या विरुद्ध ‘न्यू’, माणूस असेल तर ‘यंग’. ‘लाइट’च्या विरुद्ध वजनाच्या बाबतीत ‘हेवी’, रंगाच्या बाबतीत ‘डार्क’. ‘हार्ड’च्या विरुद्ध गादी असेल तर ‘सॉफ्ट’, प्रश्नपत्रिका असेल तर ‘ईझी’. ‘शॉर्ट’च्या विरुद्ध माणूस असेल तर ‘टॉल’, दोरी असेल तर ‘लाँग’. म्हणून वहीत जोडी एकटी लिहू नये, तिच्यासोबत नाम लिहावे: ‘ओल्ड मॅन–यंग मॅन’, ‘ओल्ड शर्ट–न्यू शर्ट’. एवढ्या एका सवयीने ‘न्यू मॅन’ आणि ‘टॉल रोप’ यांसारख्या चुका टळतात.

धोका मात्र मोठा आहे, आणि बहुतेक पुस्तिका तो वाढवतातच. दोन्ही शब्द नवे असतील आणि एकाच दिवशी शेजारी-शेजारी शिकले, तर ते एकमेकांत अडकतात. ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ हे दोन शब्द एकाच तासात शिकलेल्या मुलाला पुढे कित्येक महिने दोन्ही शब्द ओळखीचे वाटतात, पण घेणे कोणते आणि देणे कोणते हे आठवत नाही. थॉमस टिंकहॅम यांनी १९९३ आणि १९९७ मध्ये आणि रॉब वेअरिंग यांनी १९९७ मध्ये प्रयोग करून दाखवले की कपड्यांच्या नावांसारखे एकाच अर्थगटातले नवे शब्द एकत्र शिकायला असंबद्ध शब्दांपेक्षा जास्त वेळ लागतो. न्यूझीलंडचे शब्दसंग्रह-अभ्यासक पॉल नेशन यांनी विरुद्धार्थी शब्दांबद्दल हाच इशारा दिला आहे. अशा जोड्या सुरुवातीला एकत्र देऊ नयेत, असे ते सांगतात.

यावर उपाय सोपा आहे. जोडीतला जास्त वापरातला शब्द आधी घ्या आणि त्याची तीन-चार वाक्ये तोंडात बसू द्या. दुसरा शब्द निदान आठवड्याने आणा. ‘डीप’ पक्का झाल्यावर ‘शॅलो’, ‘बॉरो’ पक्का झाल्यावर ‘लेंड’. दिवसाला पाच-सहा नवे शब्द पुरेत, आणि त्या पाच-सहांत एकही जोडी पूर्ण नसावी. उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी ठेवा. जोडी समोरासमोर लिहायची वेळ एकविसाव्या दिवसानंतर येते. तेव्हा ती शिकण्यासाठी नसून तपासण्यासाठी असते.

देण्याघेण्याच्या जोड्यांना मराठी माणसाने थोडा जास्त वेळ द्यावा. आपल्याकडे ‘उसने देणे’, ‘उसने घेणे’, ‘भाड्याने देणे’, ‘भाड्याने घेणे’ असे शब्द एकच राहतात आणि दिशा क्रियापदाने कळते. इंग्रजीत ‘लेंड’ आणि ‘बॉरो’ असे वेगळे शब्द आहेत. ‘रेंट’ मात्र दोन्हीकडे चालतो. हे शब्द त्यांच्या शब्दयोगीसकट शिकावेत: ‘लेंड टू’, ‘बॉरो फ्रॉम’, ‘सेल टू’, ‘बाय फ्रॉम’. ‘टू’ आणि ‘फ्रॉम’ चिकटले की दिशा आपोआप लक्षात राहते आणि ‘कॅन यू बॉरो मी युअर पेन’ हे चुकीचे वाक्य तोंडातून येत नाही.

दुसरी चूक ‘नॉट’ लावण्याची. ‘डेड’ नसेल तर ‘अलाइव्ह’, इथे मधली जागा नाही. पण ‘हॉट’ नसलेला चहा ‘कोल्ड’च असतो असे नाही, मध्ये ‘वॉर्म’ आहे. ‘नॉट बॅड’ म्हणजे वाईट नाही, म्हणजे बऱ्यापैकी चांगले. मोजमाप विचारताना जोडीतला एकच शब्द चालतो: ‘हाउ ओल्ड’, ‘हाउ टॉल’, ‘हाउ डीप’. तान्ह्या बाळाचे वयसुद्धा ‘हाउ ओल्ड’नेच विचारतात.

जोड्यांच्या अभ्यासात सर्वांत जास्त परतावा उपसर्ग देतात, आणि इथे मराठी वाचकाला आयती मदत आहे. ‘शक्य–अशक्य’, ‘अपेक्षित–अनपेक्षित’ यांतला अ-/अन् आणि इंग्रजीतले ‘अन’, ‘इन’ हे एकाच प्राचीन मुळातून आलेले आहेत. ‘इन’ पुढच्या अक्षरानुसार बदलतो: प, ब, म यांच्या आधी ‘इम’ (इम्पॉसिबल, इमबॅलन्स, इममॅच्युअर), ल च्या आधी ‘इल’ (इललीगल), र च्या आधी ‘इर’ (इररेग्युलर). ‘संपूर्ण’ म्हणताना अनुस्वाराचा म् आणि ‘संतोष’ म्हणताना न् होतो, त्याच कारणाने हे घडते: ओठ मिटायचे असतील तर आधीचा नाकातला आवाजही ओठांवर येतो. स्पेलिंगमध्ये एल, एम, आर दोनदा का येतात याचे उत्तरही इथेच आहे. पहिले अक्षर उपसर्गाचे, दुसरे मूळ शब्दाचे. ‘अन’ मात्र कुठेही बदलत नाही: अनपॉप्युलर, अनलिमिटेड, अनरिलायेबल. ‘इर-रिलायेबल’ असा शब्द नाही.

काही शब्द मात्र उपसर्गवाले दिसतात आणि फसवतात. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल नाही, तर अनमोल. ‘इन्फेमस’ म्हणजे अप्रसिद्ध नसून कुप्रसिद्ध. ‘इनडिफरंट’ म्हणजे बेफिकीर, ‘डिफरंट’च्या उलट नव्हे. आणि ‘फ्लेमेबल’ व ‘इनफ्लेमेबल’ दोन्हींचा अर्थ पेट घेणारे. गॅसच्या टाकीवर दोन्हींपैकी काहीही लिहिलेले असले तरी काडी दूरच ठेवायची. हे चार शब्द वहीच्या पहिल्या पानावर ठेवा.

म्हणींतून काय मिळते, काय मिळत नाही

म्हण हे तयार, न बदलणारे वाक्य. मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत, त्यामुळे ती कुठे लावायची हे आपल्याला शेवटपर्यंत छळते. म्हणीत ती जागेवर बसलेलीच असतात: ‘रोम वॉज नॉट बिल्ट इन अ डे’, ‘स्ट्राइक व्हाइल द आयर्न इज हॉट’. अशी वीस वाक्ये कानात बसली की ‘इन डे’ असे चुकीचे बोलताना स्वतःलाच खटकते. नियमांच्या याद्या वाचून हे लवकर साधत नाही. म्हणींचा आम्हाला सर्वांत मोठा वाटणारा फायदा हाच.

पण सगळ्या म्हणी सारख्या मोलाच्या नाहीत. ‘टू मेनी कुक्स स्पॉइल द ब्रॉथ’ घ्या. ‘स्पॉइल’ उपयोगाचा, ‘ब्रॉथ’ क्वचितच लागणारा. ‘कुक’ म्हणजे स्वयंपाक करणारा माणूस आणि ‘कुकर’ म्हणजे भांडे, हा फरक मात्र या म्हणीने कायमचा बसतो. याउलट ‘ॲक्शन्स स्पीक लाउडर दॅन वर्ड्स’, ‘प्रिव्हेन्शन इज बेटर दॅन क्युअर’, ‘टू हेड्स आर बेटर दॅन वन’ या म्हणींतला प्रत्येक शब्द कामाचा आहे आणि ‘बेटर दॅन’चा साचाही मिळतो. त्याच साच्यात स्वतःची तीन वाक्ये करायची: ‘वॉकिंग इज बेटर दॅन वेटिंग’. म्हण निवडताना कसोटी एकच: निम्म्याहून जास्त शब्द उद्याच्या बोलण्यात वापरता येतील का? नसतील तर ती सोडा, कितीही प्रसिद्ध असली तरी.

मराठी म्हण शेजारी लिहिण्याच्या पद्धतीबद्दल आमचे स्पष्ट मत आहे: अर्थ समजायला ती चांगली, शब्द शिकायला अपुरी. ‘व्हेअर देअर इज अ विल, देअर इज अ वे’ आणि ‘इच्छा तेथे मार्ग’ शब्दाला शब्द जुळतात, म्हणून ‘विल’ आणि ‘वे’ पक्के होतात. पण ‘अ बॅड वर्कमन ऑलवेज ब्लेम्स हिज टूल्स’च्या शेजारी ‘नाचता येईना अंगण वाकडे’ लिहिले की विद्यार्थ्याला अंगण आठवते, ‘ब्लेम’ आणि ‘टूल्स’ निसटतात. अशा ठिकाणी आधी शब्दशः अर्थ, मग मराठी म्हण, आणि ‘ब्लेम’चे एक स्वतंत्र वाक्य, अशा तीन ओळी हव्यात. आठवड्याला तीन म्हणी या पद्धतीने झाल्या तरी भरपूर.

व्याकरणाची नक्कल करताना जपून. ‘ऑल दॅट ग्लिटर्स इज नॉट गोल्ड’ ही जुनी रचना आहे; आज तेच म्हणायचे तर ‘नॉट एव्हरीथिंग’ने सुरुवात होईल. ‘अ स्टिच इन टाइम सेव्ह्ज नाइन’मध्ये ‘नाइन’च्या पुढचा ‘स्टिचेस’ गाळलेला आहे, तो कळला नाही तर वाक्य लागतच नाही.

बोलण्यात पूर्ण म्हण फारशी कोणी म्हणत नाही. ‘व्हेन इन रोम…’, ‘द अर्ली बर्ड…’ एवढेच म्हणून माणूस थांबतो आणि उरलेले ऐकणाऱ्याने ओळखायचे असते. म्हणून म्हणी मुख्यतः ऐकून आणि वाचून समजण्यासाठी शिकाव्यात. मुलाखतीत त्या पेरल्या तर उत्तर पाठ केल्यासारखे वाटते. ‘बेगर्स कान्ट बी चूझर्स’ कोणाच्या तोंडावर म्हटली तर अपमान होतो. ‘अ रोलिंग स्टोन गॅदर्स नो मॉस’ या म्हणीतून काहीजण फिरत्या माणसाला दोष देतात, तर काहीजण त्याचे कौतुक करतात, त्यामुळे ती संदर्भ पाहूनच समजून घ्यावी.

परीक्षा आणि लहान मुले

कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीस्तर परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न असतात, प्रत्येकी दोन गुण आणि चुकीला अर्धा गुण वजा. तिथे विरुद्धार्थी शब्द आणि वाक्प्रचार दोन्ही विचारतात. एमपीएससीच्या गट ब आणि गट क मुख्य परीक्षांच्या इंग्रजी अभ्यासक्रमातही सामान्य शब्दसंग्रहाबरोबर वाक्प्रचारांचा उपयोग आणि अर्थ हा घटक आहे. परीक्षेसाठी जोड्यांना वेळेचा मोठा वाटा द्यावा, पण त्या ‘हॉट–कोल्ड’ पातळीच्या नसाव्यात: ‘स्केअर्स–अबंडंट’, ‘फ्रूगल–एक्स्ट्रॅव्हगंट’, ‘ट्रान्सपरंट–ओपेक’. ‘बेनेव्होलंट–मॅलेव्होलंट’ शिकताना ‘बेने’ म्हणजे भले आणि ‘मॅल’ म्हणजे वाईट हे लिहून ठेवले की ‘बेनिफिट’ आणि ‘मालफंक्शन’ही त्याच ओळीत येतात. विरुद्धार्थी शब्दाच्या प्रश्नात पर्यायांत समानार्थी शब्द बहुधा पेरलेला असतो. घाईत तोच निवडला जातो आणि अर्धा गुण जातो, म्हणून आधी प्रश्नातला ‘ऑपोझिट’ अधोरेखित करा. म्हणींपेक्षा परीक्षेत वाक्प्रचार जास्त येतात, त्यामुळे म्हणींच्या पुस्तिकेवर पैसे घालण्याआधी तिच्यात वाक्प्रचारांचा वेगळा विभाग आहे का ते पाहा.

महाराष्ट्रात मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पहिली-दुसरीच्या मुलांना जोड्या द्याव्यात त्या हातवाऱ्यांच्या: ‘ओपन’, ‘शट’, ‘अप’, ‘डाउन’. इथेही आज ‘ओपन’, ‘शट’ पुढच्या आठवड्यात. लाक्षणिक अर्थ पकडता येईपर्यंत, म्हणजे साधारण पाचवीपर्यंत, म्हणी थांबवल्या तरी चालते.

दोन्ही हवेच असतील तर ज्या म्हणींच्या पोटातच विरुद्धार्थी शब्द आहेत, तिथून सुरुवात करा: ‘पेनी वाइज, पाउंड फूलिश’, ‘युनायटेड वी स्टँड, डिव्हायडेड वी फॉल’, ‘मॅरी इन हेस्ट, रिपेंट ॲट लेझर’, ‘होप फॉर द बेस्ट, प्रिपेअर फॉर द वर्स्ट’. यांत दोन्ही शब्द एकत्र येतात तरी गोंधळ कमी होतो, कारण वाक्यातली प्रत्येकाची जागा ठरलेली असते. ‘मेनी हँड्स मेक लाइट वर्क’ यांच्यासोबतच घ्यावी. इथला ‘लाइट’ म्हणजे हलके, त्याच्या विरुद्ध ‘हेवी’, आणि तो दिव्याचा उजेड समजणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात सापडतात. वहीत अशा म्हणीखाली तिच्यातले दोन शब्द, प्रत्येकाचे नामासकट एक वाक्य आणि स्पेलिंग लिहा. महिन्याला आठ-दहा म्हणी झाल्या तर वेगळी जोड्यांची पुस्तिका सहा महिने तरी विकत घ्यावी लागणार नाही.